मागील तोट्याचा हिशेब

आमचे विद्यार्थी अंकगणितांत नफा-तोट्याचीं उदाहरणें वर्षानुवर्षें सोडवीत असतात. परंतु प्रत्यक्ष व्यवहारांत तोटा झाला म्हणजे त्याचा हिशेब तेथेंच संपला, असें पुष्कळ सुज्ञ गृहस्थांसहि वाटतें. प्राप्तिकराचा कायदा तसें मानीत नाहीं. ही गोष्ट विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ठाऊक असावी, म्हणून आम्ही ती येथें थोडक्यांत सांगतों.

जमीन, घर, सोनें, शेअर इत्यादि मालमत्ता विकून होणाऱ्या लाभास भांडवली नफा म्हणतात. त्यावरील कर हिंदुस्थानांत प्रथम १९४७ सालीं लियाकत अली खान यांच्या अंदाजपत्रकानें आला. पुढें तो उठला व १९५६ सालीं पुन्हां बसविण्यांत आला. नफ्यावर कर घ्यावयाचा तर तोट्याचीहि दखल घेणें न्यायाचें होय.

त्याचा नियम असा आहे. शेअर-बाजारांत नोंदलेला शेअर १२ महिन्यांहून अधिक, आणि जमीन, घर किंवा सोनें २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगून विकल्यास तो व्यवहार दीर्घ मुदतीचा. एरवीं अल्प मुदतीचा. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यांतून वजा होतो. दीर्घ मुदतीचा मात्र दीर्घ मुदतीच्या नफ्यांतूनच. पगारांतून यांपैकीं कोणताहि वजा होत नाहीं. त्या वर्षीं पुरेसा नफा नसल्यास उरलेला तोटा पुढें ८ वर्षांपर्यंत नेतां येतो.

समजा, एका नोकरदार गृहस्थास शेअर विकून ४०,००० रुपये दीर्घ मुदतीचा तोटा आला. पुढील वर्षीं त्यांनीं एक भूखंड विकला व १,००,००० रुपये दीर्घ मुदतीचा नफा झाला. मागील तोटा वजा जातां कर ६०,००० रुपयांवरच पडेल. कराचा दर १२.५ टक्के धरल्यास, उपकर सोडून, ५,००० रुपये वांचतात.

आपल्या जिल्ह्यांत जमिनीविषयीं एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. खेड्यांतील शेतजमीन या कायद्याच्या दृष्टीनें भांडवली मालमत्ताच नव्हे. म्हणून तिच्या विक्रीच्या नफ्यावर हा कर नाहीं, आणि तिचा तोटाहि वजा मिळत नाहीं. परंतु बीडची वस्ती १ लाखाहून अधिक असल्यामुळें नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेनें ६ किलोमीटरच्या आंतील शेत खेड्यांतलें गणलें जात नाहीं. अंबाजोगाईस हें अंतर २ किलोमीटर आहे.

आतां सर्वांत महत्त्वाची अट. ज्या वर्षीं तोटा झाला त्या वर्षाचें विवरणपत्र मुदतींत भरलें असेल तरच तो पुढें नेतां येतो. ही मुदत नोकरदारांस सामान्यतः ३१ जुलै असते. “यंदा तोटाच झाला, कर देणें नाहीं, मग कागद कशास भरावा?” असें म्हणून स्वस्थ बसणारा मनुष्य आपला हक्क स्वतःच्या हातानें घालवितो. शिवाय सर्वांत सोपा जो आयटीआर-१ नमुना, त्यांत हा तोटा पुढें नेण्याची सोय नाहीं. नोकरदारांनीं त्यासाठीं आयटीआर-२ भरावा.

म्हणून खरेदीखतें, शेअरच्या व्यवहाराचे कागद व जुन्या विवरणपत्रांच्या प्रती पालकांनीं जपून ठेवाव्या. आणि वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं आईवडिलांजवळ बसून हा हिशेब एकदां तरी मांडून पाहावा. शाळेंत शिकलेली वजाबाकी घरीं अशी उपयोगी पडावी, हीच आमची इच्छा.