विमानातील खरखर आणि संगणकाचा वीजपुरवठा

एक सोपा प्रयोग करा. सेलवर चालणारा रेडिओ मीडियम वेव्हवर लावून दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा ठेवा. आता फोनला जोडलेला चालू चार्जर त्याच्याजवळ आणा. बहुधा घरघर किंवा शीळ ऐकू येईल. चार्जर दूर नेला की ती मंदावेल. शेगावातून जाणाऱ्या भुसावळ–नागपूर रेल्वेमार्गावर २५,००० व्होल्टची तार आहे. इंजिनाचा पँटोग्राफ आणि तार यांच्यामध्ये ठिणगी पडली, की जवळच्या रेडिओत अशीच कडकड होते.

घरात हा त्रास कानांपुरता असतो. लहान विमानात मात्र तो जिवावर बेतू शकतो. गोंदियाजवळ बिरसी येथे किंवा बारामतीला शिकाऊ वैमानिक लहान विमाने चालवतात. वैमानिक जमिनीवरील नियंत्रकाशी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतो. येथे लहरीची उंची कमीजास्त करून आवाज पाठवला जातो. खरखरही लहरीची उंचीच बदलते, म्हणून ती सरळ आवाजात मिसळते. ‘थांबा, धावपट्टी मोकळी नाही’ या वाक्यातील ‘नाही’ ऐकू आले नाही तर?

खरखर येते कोठून?

विमानाच्या बॅटरीचा दाब साधारणपणे १२ किंवा २४ व्होल्ट असतो. संगणकाच्या मंडलांना ५ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाब पुरतो. रोध घालून दाब उतरवला तर बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून ट्रान्झिस्टरने प्रवाह सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद करतात, आणि मिळणारे तुकडे चोक व धारित्र यांच्या साहाय्याने सपाट करतात.

या चालू-बंद प्रवाहाचा आलेख चौकोनी पायऱ्यांचा असतो. फ्रेंच गणिती फूरिये याच्या सिद्धांतानुसार असा आलेख म्हणजे मूळ वारंवारता आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा अनेक साध्या लहरींची बेरीज होय. मूळ वारंवारता १ लाख हर्ट्झ असेल, तर तिची ११८० वी पट बरोबर ११८ मेगाहर्ट्झ येते! वरच्या पटी क्षीण असतात, हे खरे. परंतु अँटेनावर येणारा दूरचा संदेशही काही मायक्रोव्होल्टचाच असतो. पायरी जितकी उभी, तितक्या या वरच्या पटी जोरकस.

उपाय

खरखर उगमापाशीच अडवणे सर्वांत चांगले. त्यासाठी वीजपुरवठा धातूच्या बंद पेटीत ठेवून ती पेटी विमानाच्या धातूच्या सांगाड्याला घट्ट जोडतात. तारांच्या जोडीला पीळ दिला, की जाणारा व परतणारा प्रवाह शेजारी राहून त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ नाहीशी करतात. तारेवर फेराइटचा मणी ओवला तर तो उच्च वारंवारतेला अडवतो, पण बॅटरीचा एकदिश प्रवाह सुखाने जाऊ देतो. संगणकाच्या केबलवरची जाड गाठ म्हणजे हाच मणी.

पेटीच्या तोंडाशी धारित्र लावतात. ०.१ मायक्रोफॅरडच्या धारित्राचा अडथळा ११८ मेगाहर्ट्झला केवळ ०.०१३ ओहम भरतो, म्हणजे खरखरीला जमिनीकडे जाण्याची जणू मोकळी वाटच. पण त्याचे पाय मिळून एक सेंटिमीटर लांब असले, तर त्या तारेचाच अडथळा सुमारे ७ ओहम होतो, आणि वाट बंद! म्हणून पाय शक्य तितके आखूड हवेत.

शेवटचा उपाय अंतराचा. संगणक व त्याच्या तारा अँटेनापासून दूर ठेवतात. अनेक नव्या हलक्या विमानांचे अंग काचतंतूंचे असते. ते ॲल्युमिनियमप्रमाणे लहरी अडवत नाही, म्हणून तेथे अधिक काळजी लागते. विमानातील असा कोणताही बदल अधिकृत अभियंत्यानेच करायचा असतो.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. अवकाशातून येणारे अतिक्षीण संकेत टिपताना तेथेही हेच पथ्य पाळावे लागते. जवळच्या उपकरणांची खरखर अँटेनापर्यंत पोहोचू द्यायची नाही.

करून पाहा

चालू रेडिओ स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा. केंद्राचा आवाज किती कमी होतो? झाकणाला फट ठेवली तर? डब्याऐवजी प्लॅस्टिकची बरणी घेतली तर? निरीक्षणे वहीत लिहा आणि कारणे शोधा.