दुखापत झालेल्या खेळाडूने पुन्हा मैदानात उतरावे काय?

कापणी आटोपली की गोव्यातल्या रिकाम्या शेतांत गोलपोस्ट उभे राहतात आणि वाड्यावाड्यांचे फुटबॉल सामने रंगतात. मुलगा लंगडत बाहेर येतो, कुणीतरी पायावर थंड फवारा मारतो आणि "काही नाही रे, चल" म्हणत त्याला पुन्हा आत धाडतात. लंगडणाऱ्या बैलाला आपण औताला जुंपत नाही. मुलाच्या वेळी हे शहाणपण कुठे जाते?

घोटा मुरगळतो तेव्हा हाडांना बांधून ठेवणारे बंध ताणले जातात किंवा फाटतात. फवाऱ्याने वेदना बधिर होते, बंध सांधले जात नाहीत. पहिले दोन दिवस गरम तेलाने चोळू नये, सूज वाढते. फडक्यात बर्फ गुंडाळून शेकावे व पाय उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबताच दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. त्या एका पायावर न दुखता उड्या मारता येईपर्यंत खेळू नये, आणि चिखलात किंवा बांधावरही जपूनच उतरावे. मांडीमागची शीर ताणली असेल तर तेच: एकदा दुखावलेली जागा घाईने पुन्हा दुखावते.

डोक्याचा मार मात्र निराळा. त्यात वाट पाहण्याचा प्रश्नच नाही, खेळाडूला त्याच क्षणी बाहेर काढावे. मेंदू कवटीत हादरतो. त्यासाठी बेशुद्धच पडावे लागते असे नाही. १३ जुलै २०१४ रोजी रिओमध्ये जर्मनी व अर्जेंटिना यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. १७व्या मिनिटाला जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला प्रतिस्पर्ध्याचा खांदा लागला. तो सुमारे १४ मिनिटे खेळत राहिला आणि मध्येच पंचांना विचारू लागला, हा अंतिम सामनाच ना? तेव्हा कुठे त्याला बाहेर नेले. जगातले उत्तम डॉक्टर बाकावर बसलेले असताना ही गत!

हादरलेल्या मेंदूला लगेच दुसरा मार बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यूही ओढवू शकतो. असे क्वचित घडते, पण घडले की हाती काही राहत नाही. म्हणूनच फुटबॉलच्या नियमांत अशा खेळाडूच्या जागी जादा बदली खेळाडू देण्याची सोय झाली. जानेवारी २०२१ पासून ती प्रयोगादाखल होती, जुलै २०२४ पासून कोणत्याही स्पर्धेला स्वीकारता येते. आमच्या मते गावच्या स्पर्धांनीही ती घ्यावी.

खेळू की नको, हे त्या मुलाला विचारू नये. तो "खेळतो"च म्हणणार, आणि हादरलेल्या डोक्याचा निर्णय कसला धरायचा? पहिले एकदोन दिवस विश्रांती, मग चालणे, मग हलके धावणे, मग एकट्याने चेंडूचा सराव. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यावा; त्रास वाढला तर एक पायरी मागे यावे. धक्काबुक्कीचा खेळ डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. मुलांना बरे व्हायला चार आठवडेही लागतात.

मार लागल्या रात्री त्याला एकटे ठेवू नये, स्कूटर चालवू देऊ नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायात अशक्तपणा, बरळणे किंवा जागे करूनही नीट जागा न होणे, यांतले काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.