विमा विका, समाज विकू नका!

गेल्या महिन्यात आमच्याकडे वस्तीतला एक तरुण आला. बी.कॉम. झालेला, स्पर्धा परीक्षा देऊन देऊन थकलेला. वडील नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त, आई महिला बचत गटाची अध्यक्ष. 'जयभीम सर' म्हणून तो समोर बसला आणि पिशवीतून एक रंगीत माहितीपत्रक व एक वही काढली. माहितीपत्रक जीवन विम्याचे होते. आधी स्वतः पॉलिसी घ्यायची, नोंदणीचे पैसे भरून 'मेंबर' व्हायचे, मग सहा जणांना जोडायचे. त्या सहांनी प्रत्येकी सहा जोडायचे. खालच्या प्रत्येकाच्या हप्त्यातून वर कमिशन येत राहणार. पाच वर्षांत गाडी, दहा वर्षांत बंगला! "सर, यात पडू की नको?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

वहीत शंभर नावांची यादी होती. हॉटेलातल्या सभेत त्याला ती करायला सांगितली होती. आम्ही यादी वाचली. मामा, आत्या, मावसभाऊ. विहारात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणारे गुरुजी. जयंती मंडळाचे सगळे पदाधिकारी. आईच्या बचत गटातल्या सतरा बाया. तेविसाव्या क्रमांकावर आमचेही नाव होते. शंभरात एकही नाव वस्तीबाहेरचे नव्हते.

या पोराची थट्टा करण्याचा अधिकार आम्हाला नाही. सरकारी नोकऱ्या आटल्या, जिथे कायम पदे होती तिथे कंत्राटदार आला, आणि कंत्राटदाराकडे आरक्षण नसते. शिकलेल्या पोराने करायचे काय? म्हणून त्याच्या प्रश्नाचे उत्तर नीट, हिशेबाने आणि कायद्याने दिले पाहिजे. असाच प्रश्न पडलेले शेकडो तरुण आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्यासाठीच हा लेख.

पहिली गोष्ट, विमा वाईट नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात घटनेत काय असावे हे मांडले, त्यात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी तरतूद सुचवली होती. कमावता माणूस गेला की गरिबाचे घर सावकाराच्या दारात उभे राहते, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला हवे? विमा खासगी मालकांच्या हाती असेल तर गरिबाच्या पैशाचे काय होते, हेही देशाने पाहिले. एका विमा कंपनीतील पैशाच्या गैरवापराचा प्रश्न फिरोझ गांधी यांनी १९५५ साली लोकसभेत मांडला. पुढच्याच वर्षी सरकारने २४५ विमा कंपन्या व सोसायट्या ताब्यात घेतल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी एलआयसी स्थापन झाली. दीड महिन्याने नागपुरात धम्मदीक्षा झाली. १९५६ हे वर्ष आपण एका कारणासाठी लक्षात ठेवतो. या दुसऱ्या कारणासाठीही ठेवायला हरकत नाही.

विमा विकणे हाही प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे. एलआयसीचा एजंट होऊन मुलांना डॉक्टर-इंजिनिअर करणारे समाजबांधव आम्हाला ठाऊक आहेत. मग अडचण कुठे आहे? अडचण साखळीत आहे.

आधी कायदा पाहू. विमा कायदा १९३८ चा आहे. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि कलम ४२अ मध्ये बहुस्तरीय साखळीतून कोणालाही पॉलिसी घेण्याचे आमिष दाखवण्यास स्पष्ट मनाई करण्यात आली. अशा साखळीविरुद्ध विमा नियामक प्राधिकरण थेट पोलिसांत तक्रार करू शकते. त्याच कायद्याच्या कलम ४० नुसार विमा मिळवून दिल्याचे कमिशन फक्त रीतसर नेमलेल्या एजंटाला किंवा नोंदणीकृत मध्यस्थालाच देता येते. मग चार पायऱ्या वर बसलेल्या 'लीडर'ला आमच्या बचत गटातल्या बाईच्या हप्त्यातून पैसे कोणत्या अधिकाराने मिळतात? याशिवाय १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहे. त्यात अशी योजना चालवणे गुन्हा आहेच, पण तिचा सभासद होणे, तिच्यात भाग घेणे यालाही मनाई आहे. योजना चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनीही पिरॅमिड योजनांना बंदी घातली आणि नाव नोंदवण्यासाठी पैसे घेण्यास मनाई केली.

याचा अर्थ तरुणांनी समजून घ्यावा. कंपनीचे कार्यालय एका रात्रीत बंद होते, मालक फोन उचलत नाही. पण ज्याने फॉर्म भरून घेतले तो पोरगा वस्तीतच राहतो. लोक त्याच्या आईच्या दारात येतात. पोलिसांच्या कागदावर त्याची सही असते. अशा साखळ्यांतून पोळलेली पोरे आमच्याकडे आली आहेत. फसलेला तोच आणि आरोपीही तोच, अशी त्यांची गत होते.

आता हिशेब. सहाचे छत्तीस, छत्तीसचे दोनशे सोळा. असे मोजत गेलो तर नवव्या पायरीला १ कोटी ७७ हजार ६९६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सगळे बौद्ध मिळून सुमारे ६५ लाख होते, पाळण्यातल्या लेकरांसह! म्हणजे समाजातले प्रत्येक माणूस जोडले तरी नववी पायरी भरत नाही. आणि साखळी कुठेही थांबली तरी शेवटच्या पायरीवर शंभरातले ८३ जण असतात. त्यांच्या खाली कोणीच नसते. हे ८३ जण आळशी नसतात, त्यांचे 'माइंडसेट' चुकलेले नसते. गणितच तसे आहे. वर थोडे आणि खाली असंख्य, आणि खालच्याने वरच्याला पोसायचे. ही उतरंड आपल्याला नवी आहे का?

कमिशनचेही तसेच. कमिशन येते हप्त्यातून, आणि भाकरी एकच असते. ती दहा पायऱ्यांत वाटायची तर मोठ्या हप्त्याची, पहिल्या वर्षी भरपूर कमिशन देणारी पॉलिसीच खपवावी लागते. म्हणून या सभांमध्ये प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे नाव कोणी काढत नाही. वर्षाला ४३६ रुपयांत १८ ते ५० वयाच्या माणसाला २ लाखांचे संरक्षण बँकेतून मिळते. पण त्यात 'लीडर'चा बंगला बसत नाही. मग धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या गळ्यात महिना हजाराची पॉलिसी मारली जाते. चार-सहा हप्त्यांनंतर तिला जमत नाही, पॉलिसी बंद पडते. तिचा पैसा बुडतो, वरच्याचे पहिल्या वर्षाचे कमिशन मात्र खिशात गेलेले असते.

पण पैशापेक्षा मोठे नुकसान वेगळे आहे. त्या यादीतली माणसे एकमेकांवर विश्वास का ठेवतात? जयंतीची वर्गणी हिशेबाला लागते म्हणून. मयताला सगळी वस्ती उभी राहते म्हणून. गुरुजी विहारात येण्याचे पैसे घेत नाहीत म्हणून. हा विश्वास दोन पिढ्यांच्या चळवळीने कमावला. साखळी तोच विश्वास बाजारात मांडते. रविवारी सकाळी वंदनेच्या वेळी हॉटेलात सभा ठेवतात, आणि विहारात आलेला माणूस समोरच्याकडे उपासक म्हणून न पाहता गिऱ्हाईक म्हणून पाहू लागतो. साखळी तुटली की जयंती मंडळही फुटते. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य, विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, हे आपण मुलांना शिकवतो. पण ढोंग करून, गोड बोलून, लाभातून आणखी लाभ उपसून जगणे हीही मिथ्या आजीविकाच, असे मज्झिम निकायात सांगितले आहे. हे शिकवायचे आपण विसरतो.

"मग मी करू काय?" असे त्या तरुणाने विचारले. आम्ही त्याला सांगितले की विमा विकायचाच असेल तर सरळ दाराने जा. दहावी पास लागते, प्रशिक्षण असते, परीक्षा द्यावी लागते, नेमणूक थेट विमा कंपनीची असते. कोणाला जोडावे लागत नाही. हिशेबही त्याच्यासमोर मांडला. दर योजनेनुसार बदलतात, पण दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे ५ टक्के हे जुने प्रमाण धरू. महिना हजाराच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी ३ हजार मिळतील, पुढची दोन वर्षे ९०० आणि नंतर ६००. महिना दहा हजार मिळवायचे तर पहिल्या वर्षी अशा चाळीस पॉलिसी झाल्या पाहिजेत. पाच वर्षे चप्पल झिजवल्याशिवाय घर चालणार नाही. आणि हेही खरे की ज्याच्या नात्यागोत्यात डॉक्टर, व्यापारी, अधिकारी आहेत त्याला चाळीस घरे लवकर सापडतात, आपल्या पोराला उशिरा. म्हणून त्याने वस्तीबाहेर पाऊल टाकले पाहिजे. आपल्यातले जे बँकेत, शाळेत, मंत्रालयात आहेत त्यांनी त्याला दारात उभे करून घेतले पाहिजे. त्याच्याकडून पॉलिसी घ्या, पण कागद वाचून घ्या. कलम ४१ नुसार एजंटाने स्वतःचे कमिशन गिऱ्हाईकाला परत देणे गुन्हा आहे, तेव्हा ते मागूही नका.

समाजबांधवांना एवढीच विनंती आहे. विहार समित्यांनी साखळीच्या सभांना सभागृह देऊ नये. हप्त्याचा पैसा एजंटाच्या किंवा त्याच्या 'लीडर'च्या नावे देऊ नये, तो विमा कंपनीच्याच नावे द्यावा व पावती घ्यावी. पॉलिसी हाती आल्यावर पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. तक्रार असेल तर मुंबई व पुणे येथे विमा लोकपाल आहे. तिथे पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही, हे आम्ही वकील असूनच सांगतो.

तो तरुण उठताना म्हणाला, "सर, सहा जणांचे पैसे आधीच भरून घेतलेत." आम्ही विचारले, कोणाचे? त्यातल्या चार बचत गटातल्या बाया होत्या. ते पैसे मागायला आम्ही त्याच्याबरोबर जाणार आहोत. पण दर वस्तीत वकील नसतो. म्हणून सातवा फॉर्म भरण्याआधीच आपल्या पोरांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे. जयभीम!