कॅन्सरचा मृत्युदर गावोगावी वेगळा का?



मंडळातील जी मंडळी साठीच्या आसपास आली आहेत, त्यांच्या गप्पांत हल्ली एक विषय हमखास निघतो : मस्कत सोडल्यावर राहायचे कुठे? कुणी पुण्याचे नाव घेते, कुणी नाशिकचे, कुणाला कोकणातले वडिलोपार्जित घर खुणावते. आणि मग कुणीतरी म्हणतेच, ''गावाकडे हवा-पाणी शुद्ध, तिथे कॅन्सर-बिन्सर नसतो. हे सगळे शहरातले रोग.'' कुरुमच्या बागेत संध्याकाळी फिरताना हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की, ते एकदा आकड्यांवर घासून पाहावे असे ठरवले. मी डॉक्टर नाही. माझे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले. पण आकडा समोर आला की तो कुणी आणि कसा मोजला हे आधी विचारायचे, ही सवय इथेही कामास येते.

रुग्णदर आणि मृत्युदर

वर्तमानपत्रात 'अमुक ठिकाणी कॅन्सर वाढला' असे छापून येते, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. एका वर्षात दर लाख लोकांमागे किती जणांना नव्याने रोग झाला, तो रुग्णदर. दर लाखामागे किती जण त्या रोगाने दगावले, तो मृत्युदर. रोग लवकर सापडून बरा झाला तर पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान असू शकतो. उशिरा सापडला तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात.

तिसरी गोष्ट वयाची. समजा, कोकणातली एखादी वाडी आहे. तरुण सगळे मुंबईला, मागे उरले ते साठीपुढचे. आणि इकडे रुवीतली एखादी इमारत, जिथे सगळे पंचविशी ते पन्नाशीतले नोकरदार. वाडीत कॅन्सरने जास्त माणसे जाणारच, कारण हा मुख्यतः उतारवयाचा रोग आहे. त्यावरून रुवीची हवा चांगली असे कुणी म्हणू नये. म्हणून तज्ज्ञ मंडळी दोन्हीकडे वयाची रचना सारखीच आहे असे धरून दर काढतात. त्याला वयानुसार समायोजित दर म्हणतात. ओमानच्या लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे बाहेरची, बहुतेक कमावत्या वयाची. त्यामुळे इथले आकडे वाचताना हे विशेष ध्यानात ठेवावे लागते.

देशाचा नकाशा

भारतात पुष्कळ मृत्यू घरी होतात आणि कारणाची नोंद होत नाही. म्हणून एका मोठ्या पाहणीत देशभरच्या सुमारे अकरा लाख घरांत प्रशिक्षित कार्यकर्ते गेले आणि घरातील मृत व्यक्तीचे आजारपण कसे होते, हे त्यांनी नातेवाइकांना विचारले. त्या उत्तरांवरून डॉक्टरांनी मृत्यूचे कारण ठरवले. कॅन्सरविषयीचे निष्कर्ष २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. २०१० या एका वर्षात भारतात कॅन्सरने सुमारे ५ लाख ५६ हजार माणसे गेली, आणि त्यांतली ७१ टक्के ३० ते ६९ या वयातली होती, असा तो अंदाज आहे. म्हणजे संसार चालवणारी माणसे.

आता गाव आणि शहर पाहू. ३० ते ६९ या वयात दर लाखामागे मृत्यू असे : खेड्यातील पुरुष ९५.६, शहरातील पुरुष १०२.४, खेड्यातील स्त्रिया ९६.६, शहरातील स्त्रिया ९१.२. म्हणजे जवळपास बरोबरी. 'गावात कॅन्सर नसतो' या समजुतीला आकडे आधार देत नाहीत.

मग फरक कुठे आहे? एक, प्रांतांत. तिशीतला पुरुष सत्तरीच्या आत कॅन्सरने जाण्याची शक्यता ईशान्य भारतात ११.२ टक्के, तर बिहार, झारखंड, ओडिशात ३ टक्क्यांहून कमी. दोन, शिक्षणात. निरक्षर पुरुषांत दर १०६.६ आणि सर्वांत शिकलेल्यांत ४५.७, स्त्रियांत १०६.७ आणि ४३.४. दुपटीहून अधिक. नुसते शाळेत गेल्याने कॅन्सर टळत नाही. पण शिक्षणाबरोबर तंबाखू कमी होते, डॉक्टरकडे लवकर जाणे होते आणि उपचाराचा खर्च पेलण्याची ऐपत येते.

आपल्या महाराष्ट्रात

कॅन्सरची नोंद ठेवण्यात महाराष्ट्र जुना आहे. मुंबईची नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली सुरू केली. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला देशातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली सुरू झाली. पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आणि बीड हे जिल्हेही नोंदणीत आले.

राष्ट्रीय नोंदणीचा २०२० सालचा अहवाल पाहिला तर गंमत वाटते. देशातील सर्व नोंदणी-क्षेत्रांत पुरुषांचा सर्वाधिक रुग्णदर मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्याचा, लाखामागे २६९.४, आणि सर्वांत कमी आपल्या उस्मानाबाद-बीडचा, ३९.५. स्त्रियांतही सर्वांत कमी दर तिथलाच, ४९.४. हे वाचून 'चला, बीडला घर बांधू' असे कुणी म्हणेल. पण हा रुग्णदर आहे. खेड्यात काही रोगी निदानापर्यंत पोचतच नाहीत, आणि जे पोचतात त्यांतले बरेच जण उशिरा पोचतात. म्हणून शहरात रोगी जास्त सापडूनही देशभरात गाव-शहरांचे मृत्युदर जवळजवळ सारखे निघतात.

माझी आत्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहायची. लहानपणापासून ती मिश्री लावायची, त्या पिढीतल्या कितीतरी बायकांसारखी. तोंडात जखम झाली तेव्हा 'उष्णता झाली आहे' म्हणून तिने चार महिने अंगावर काढले. मी इथून फोन केला की उत्तर ठरलेले : ''बरी आहे रे, तू तिकडे जेवतोस ना नीट?'' निदान झाले तोवर रोग गळ्यातल्या गाठींपर्यंत पोचला होता. दीड वर्षात ती गेली. तिच्या गावचे हवा-पाणी शुद्धच होते.

एका तपासणीने काय होते

याच उस्मानाबाद जिल्ह्याने जगाला एक मोठा धडा दिला. १९९९ पासून तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी केली, तीही आयुष्यात एकदाच. दोन गटांची इतर पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. आठ वर्षांनी पाहिले तेव्हा एचपीव्ही चाचणी झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांत ६४. दर जवळपास निम्म्यावर आला. इतर दोन गटांत मृत्यूंत तशी स्पष्ट घट दिसली नाही. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. चौथ्या गटातील बायकांना तपासणीविना का ठेवले, यावर पुढे टीकाही झाली, आणि ती विचार करण्याजोगी आहे. पण गाव तेच, पाणी तेच, शेत तेच असताना एका चाचणीने मृत्युदर बदलतो, हे त्यातून सिद्ध झाले.

मुंबईतही १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांत स्तनांच्या तपासणीचा अभ्यास झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. २०२१ सालच्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र असा फायदा आढळला नाही.

काळाबरोबर काय बदलले

मुंबईच्या नोंदणीत गेली काही दशके गर्भाशयमुखाचा कॅन्सर कमी होत आला आणि स्तनाचा वाढत गेला. गमतीची बाब अशी की, दोन्हीमागे काही अंशी एकच कारण आहे : लग्ने उशिरा, मुले कमी. त्याने पहिल्याचा धोका घटतो आणि दुसऱ्याचा वाढतो. जठराचा कॅन्सर जगात बहुतेक ठिकाणी उतरला. घरोघरी फ्रिज आला, खारवलेले अन्न कमी झाले, जठरातल्या जंतूंचा संसर्गही घटला. अमेरिकेत कॅन्सरचा मृत्युदर १९९१ साली शिखरावर होता. २०२२ पर्यंत तो सुमारे एक-तृतीयांश खाली आला. मुख्य श्रेय धूम्रपान घटल्याला, आणि त्याबरोबर लवकर निदानाला व सुधारलेल्या उपचारांना.

आपल्याकडे तंबाखूचा प्रश्न धुरापेक्षा चघळण्याचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते, त्यांतले बहुतेक चघळणारे किंवा मिश्री लावणारे. शेजारच्या गोव्यात हेच प्रमाण ९.७ टक्के, तर त्रिपुरात ६४.५. ईशान्येकडचा दर एवढा का, याचे मोठे उत्तर इथे आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ओमानमध्येही चघळायच्या तंबाखूच्या विक्रीला बंदी आहे. तरी सुट्टीहून येताना बॅगेत पुड्या येतात, हे आपण सगळे जाणतो.

आणि देश बदलला की रोगही बदलतो. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत जठराचा कॅन्सर पिढीगणिक कमी झाला आणि आतड्याचा वाढला. रक्त तेच, ताट बदलले. आपली मुले इथे गाडीतून शाळेत आणि गाडीतून मॉलमध्ये जातात, त्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

'सुट्टीत गावी गेल्यावर दाखवू'

आखातातल्या आपल्या मंडळींचा खरा धोका या वाक्यात आहे. फेब्रुवारीत गाठ लागते, तिकीट जूनचे असते. गावी गेल्यावर लग्न, मुंज, बँक, घराची डागडुजी, आणि दाखवायचे राहून जाते. नोकरीची आणि व्हिसाची धास्ती असते ती वेगळीच. मराठवाड्यातली बाई दूर अंतरामुळे उशिरा पोचते; आपण कामाच्या धबडग्यात उशिरा पोचतो. परिणाम सारखाच. म्हणून काही गोष्टी लिहून ठेवाव्यात :

१. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम, स्तनातील गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, विष्ठेतून रक्त, विनाकारण घटणारे वजन : यांपैकी काहीही दिसले तर इथेच, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

२. काही त्रास नसला तरी तपासणी करावी. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातला एक दिवस त्यासाठी राखावा. आई-वडिलांनाही बरोबर न्यावे. 'बरी आहे रे' या उत्तरावर फोन ठेवू नये.

३. कंपनीच्या विम्याचे कागद वाचावेत. कॅन्सरच्या उपचाराला किती रियालपर्यंत संरक्षण आहे, भारतातले उपचार त्यात बसतात का, हे विचारावे. नोकरी सुटली की हा विमा सहसा संपतो.

४. म्हणून भारतातील स्वतःची पॉलिसी परतण्याच्या बरीच आधी घ्यावी. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. तो इथे असतानाच सरलेला बरा. निदान झाल्यावर पॉलिसी मिळणे फार कठीण. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही.

५. गावी असलेल्या सत्तरीपुढच्या आई-वडिलांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. आजार यायच्या आत कार्ड काढून ठेवावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करावी.

तेव्हा निवृत्तीनंतरचे घर कोकणात घ्या, नाशकात घ्या की बीडला. हवा आवडली म्हणून जरूर घ्या. मात्र घर पाहायला जाल तेव्हा तिथून तपासणीची सोय असलेले रुग्णालय किती अंतरावर आहे, हेही एजंटाला विचारा. तूर्त इतकेच.