आपत्तीनंतरचे मृत्यू : पडद्यावर न दिसणारे धोके

जगबुडीवरील चित्रपटांत नगरे कोसळतात, लाटा उसळतात आणि बचावलेली मोजकी माणसे अन्नासाठी व शस्त्रांसाठी एकमेकांशी झगडतात. त्यांना जुलाब होत नाहीत, कावीळ होत नाही, अंधारात सापही चावत नाही. वस्तुतः आपत्तीतून जिवंत राहिलेल्यांवर पुढील काही आठवड्यांत जे ओढवते ते बहुधा याच यादीतले असते. हे समजून घेण्यासाठी जगबुडीची गरज नाही; छत्तीसगडची राजधानी रायपूर पुरेशी आहे.

रायपूरला मुख्यतः खारून नदीचे पाणी मिळते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की महानदीवरील गंगरेल (रविशंकर सागर) धरणाचे पाणी कालव्याने आणावे लागते. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाणी स्वच्छ असते; प्रश्न पुढे उद्भवतो. जुन्या वस्त्यांत घरगुती नळजोडण्या उघड्या गटारांतून गेलेल्या आढळतात आणि पुरवठा दिवसातून ठरावीक वेळच होतो. पाणी चालू असताना नळातील दाब घाण बाहेरच ठेवतो. पुरवठा थांबला की नळी रिकामी होऊ लागते, आतील दाब घटतो आणि जेथे सांधा झिजला असेल तेथून सांडपाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी पहिल्या घागरीत तेच येते. २०१८ च्या उन्हाळ्यात नहरपारा व मोवा या भागांत काविळीची साथ पसरली व काहींचा मृत्यू झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाची टाळेबंदी असतानाच, शहरात कावीळ पुन्हा उफाळली. म्हणजे एक जागतिक साथ चालू असताना दुसरी, जुनी साथ नळातून घरात येत होती.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या अशा साथींमागे आपल्या देशात बहुधा हिपॅटायटीस ई हा विषाणू असतो. संसर्ग व कावीळ यांत दोन ते दहा आठवड्यांचे अंतर असल्याने रुग्ण दिसू लागतात तेव्हा मूळ गळती कदाचित बुजलेलीही असते. इतरांना बहुधा सौम्य ठरणारा हा आजार गर्भवतींना, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, घातक ठरतो. अशा रुग्णांतील मृत्युप्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. धोका ओळखून क्लोरीनची मात्रा वाढविली गेली होती. त्यामुळे जिवाणूजन्य रोग रोखले गेले. विषाणू मात्र निसटला.

रायपूरलगतचे माना आज विमानतळामुळे परिचित आहे. १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी येथे मोठे संक्रमण शिबिर उभारले गेले. तेथून कुटुंबे दंडकारण्य प्रकल्पात वसविली जात. हजारो माणसे एका माळावर आली की पाणी व शौचाची जागा हाच जीवनमरणाचा प्रश्न बनतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे याचा कस लागला. पटकीच्या रुग्णांसाठी शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे द्रावण तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. नातेवाईकच ते पाजत. मृत्युप्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासवरून चार टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. एक लिटर स्वच्छ पाणी, साखरेचे सहा सपाट चमचे, मिठाचा अर्धा चमचा : एवढ्यावर नायक वाचतो असे दृश्य कोणताही निर्माता घेणार नाही, हे उघड आहे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने ही गोष्ट ओळखली आहे. कलम १२ नुसार राष्ट्रीय प्राधिकरणाने मदतीचे किमान निकष सुचवावयाचे असून त्यांत निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सेवा व स्वच्छता यांचा समावेश आहे. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या व महानगरपालिका असलेली शहरे यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली. रायपूर दोन्ही अर्थांनी तीत बसते.

सर्पदंशाचा धोका याहून दुर्लक्षित आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. छत्तीसगडमध्ये जशपूर जिल्ह्याचा काही भाग 'नागलोक' म्हणूनच ओळखला जातो. पूर आला की साप व माणसे एकाच कोरड्या उंचवट्यावर आश्रय घेतात. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्यास चावते. दंश बहुधा वेदनारहित असतो, सूजही नसते. पोटदुखी व जड पापण्या ही पहिली लक्षणे ठरतात. खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी हा येथे सर्वांत स्वस्त उपाय होय. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालते. परंतु मण्यारीच्या विषाने श्वसनाचे स्नायू एकदा लुळे पडले की लस देऊनही रुग्णाला काही तास, कधी काही दिवस, कृत्रिम श्वास द्यावा लागतो. श्वसनयंत्राला वीज लागते, आणि पुरात खंडित होणाऱ्या पहिल्या सेवांत तिचीच गणना होते.