काळी यादी म्हणजे काय? मजरूह, अमर शेख आणि आपले अण्णाभाऊ

सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांत मजरूह सुलतानपुरींची गाणी तीन पिढ्या ऐकल्या जात आहेत. पण ही गाणी लिहिणारा माणूस एका कवितेपायी तुरुंगात गेला होता, हे आम्ही वर्गात सांगितलं की मुलं हमखास विचारतात, "कवितेचा काय गुन्हा?" प्रश्न योग्य आहे. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ या.

यादीची सुरुवात

'काळी यादी' हा शब्द सिनेमाच्या संदर्भात गाजला तो अमेरिकेतून. १९४७ मध्ये तिथल्या संसदेच्या एका समितीने हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना बोलावून विचारलं, तुम्ही कम्युनिस्ट आहात का? दहा जणांनी उत्तर द्यायला नकार दिला. संसदेच्या अवमानाबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. पण खरा घाव दुसरीकडून बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोठ्या स्टुडिओंच्या मालकांनी जाहीर केलं, की कम्युनिस्टांना काम देणार नाही. पुढे शेकडो लोकांचं काम बंद झालं. यादीतून सुटायचं तर इतरांची नावं सांगायची, हा त्यातला सर्वात वाईट भाग.

पटकथाकार डाल्टन ट्रम्बो दुसऱ्यांच्या नावाने लिहीत राहिले. १९५७ मध्ये त्यांच्या एका कथेला ऑस्कर मिळालं, तेही टोपणनावाला! त्यांचं खरं नाव पडद्यावर परत आलं ते १९६० मध्ये.

म्हणजे काय, तर काळ्या यादीला ना कोर्ट लागतं, ना निकाल. नुसतं काम मिळणं बंद होतं. आणि निकालच नाही, तर अपील तरी कुठे करणार?

मुंबईत काय झालं?

१९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सशस्त्र लढ्याची भूमिका घेतली. सरकारने देशभर धरपकड केली. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. १९४७ च्या सुरक्षा कायद्याखाली खटला न चालवता माणसाला डांबता येत होतं. पक्षाचं धोरण चुकलं असं कोणी म्हणू शकतं. पण या धरपकडीत बंदूकवाल्यांबरोबर कवी आणि नटही सापडले.

मजरूह तेव्हा नावारूपाला आले होते. 'शाहजहान' (१९४६) आणि 'अंदाज' (१९४९) यांची गाणी गाजत होती. कामगारांच्या सभेत त्यांनी नेहरूंवर टीका करणारी कविता वाचली. माफी मागा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी माफीनामा दिला नाही आणि तुरुंग पत्करला. बलराज साहनी यांनाही १९४९ मध्ये अटक झाली. तेव्हा ते 'हलचल' या चित्रपटात काम करत होते, आणि भूमिका होती जेलरची!

आपल्या मातीतली माणसं

हे सगळं मुंबईच्या बड्या लोकांचं, असं समजू नका. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. तिथल्या मातंग समाजात १९२० मध्ये अण्णाभाऊ साठे जन्मले. बार्शीचे महबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, आणि द. ना. गवाणकर यांच्या साथीने त्यांनी १९४४ मध्ये 'लाल बावटा कलापथक' उभं केलं. एक मातंग, एक मुसलमान आणि गिरणगावचा श्रोता. आपल्या मराठी मुसलमानांच्या इतिहासातलं हे पान शाळेच्या पुस्तकात फारसं सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. कारण अश्लीलतेचं दिलं, पण त्यात राजकीय वगही अडकले. अण्णाभाऊंच्या 'माझी मुंबई'वरही बंदी आली. त्यांनी आपल्या तमाशाला 'लोकनाट्य' म्हटलं आणि काम चालू ठेवलं. पुढे त्यांच्या 'वैजयंता' कादंबरीवर १९६१ मध्ये चित्रपट आला. तरी हलाखी सुटली नाही. १९६९ च्या जुलैत अण्णाभाऊ गेले आणि पुढच्याच महिन्यात अमर शेख.

फरक कुठे पडला?

हॉलिवूडमध्ये उद्योगानेच दार लावून घेतलं. मुंबईत सरकारने तुरुंगात टाकलं, पण धंद्यातल्या काही माणसांनी दार उघडं ठेवलं. 'हलचल'चे निर्माते के. आसिफ यांनी परवानगी मिळवली आणि बलराज साहनी तुरुंगातून शूटिंगला येऊ लागले. मजरूहच्या अडचणीच्या काळात राज कपूर यांनी एका गाण्याचे हजार रुपये दिले, ही गोष्ट चित्रपटसृष्टीत आजही सांगितली जाते. ते गाणं वापरलं गेलं ते पुढे 'तीसरी कसम' (१९६६) मध्ये. त्यांनी खैरात दिली नाही, काम दिलं. त्यामुळे घरही चाललं आणि माणसाची मानही ताठ राहिली. याच मजरूहना पुढे १९९३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले गीतकार.

२०२५ च्या जुलैत महाराष्ट्र विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्याच्या बाजूने आणि विरोधात बरंच बोललं गेलं. कायद्यावर निदान बोलता येतं, कोर्टात जाता येतं. पण 'त्याला काम देऊ नका, त्याच्याकडून माल घेऊ नका' असा निरोप फोनवरून फिरतो, तेव्हा कागद कुठेच नसतो. आपल्यातल्या अनेक दुकानदारांना, कारागिरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. म्हणून तसा निरोप आपल्या हातात आला, मग तो कोणाबद्दलही असो, तर तो पुढे पाठवायचा की तिथेच थांबवायचा, हे घरातल्या मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवावं. यादी कोणीही बनवो, ती चालते ती आपल्यासारख्यांनी दार लावलं तरच.