नहरीचं पाणी, टँकरचं पाणी

रमजान सुरू झाला की दुपारनंतर शहागंज, सिटी चौक, बुढी लेन या भागांतून वाट काढणं अवघड होतं. खजूर, फळं, शेवया, शीरखुर्म्याचा सुकामेवा, अत्तरं, टोप्या, कपडे, चपला. ईद जवळ आली की मध्यरात्र उलटली तरी दुकानांचे दिवे विझत नाहीत. दुकानदार कोणत्याही धर्माचा असो, या महिन्यात त्याचा गल्ला बरा भरतो. वर्षभर हात आखडून राहणारा रोजंदारही लेकरांसाठी चार पैसे सैल सोडतो. त्यात वावगं काही नाही. पण एक विसंगती डोळ्यांत भरते. गरजा आवरायला शिकवणारा महिना बाजाराच्या वहीत मात्र सर्वाधिक खपाचा म्हणून नोंदला जातो.

रोजा म्हणजे पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, एवढं आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यामागची तालीम जरा वेगळी आहे. घरात माठ भरलेला असतो, डब्यात पोळी असते, बघणारं कुणी नसतं, तरीही माणूस हात आवरतो. गरज आणि हाव यांच्यातली सीमारेषा तो तीस दिवस गिरवतो. कुरआनच्या सातव्या सूरेत खाण्यापिण्याची मोकळीक दिली आहे आणि त्याच दमात उधळपट्टीला मनाई केली आहे. या उधळपट्टीला अरबीत ‘इसराफ’ म्हणतात. इसराफ म्हणजे केवळ हरामाचा खर्च नव्हे. हलाल कमाईतूनही गरजेपलीकडे नासाडी केली तर तोही इसराफच.

पुरेसं म्हणजे किती, हा प्रश्न रोजा प्रत्येक माणसाला विचारतो. शहराला, राज्याला, देशाला तो कुणी विचारायचा? आपण विकास मोजतो तो ‘आणखी किती’ या एकाच मापानं.

मापाची गोष्ट

या मापाचं नाव जीडीपी, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. वर्षभरात देशात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचं बाजारभावानं केलेलं मोल. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आधुनिक हिशेबाचा पाया ज्यांनी घातला, त्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकन संसदेला अहवाल देतानाच बजावलं होतं, की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. आकडा जगानं घेतला, इशारा मात्र अहवालातच राहिला.

या मापाची अडचण समजून घ्यायला लांब जायला नको. आपल्या शहराचंच पाणी पाहा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकी वसवली. हबशी मुलुखातून गुलाम म्हणून आणला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला होता. त्यानं शहर वसवताना आधी पाण्याची सोय पाहिली. डोंगरउतारावर जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी मार्गानं आणि खापरी नळांनी, केवळ उताराच्या जोरावर, वस्तीपर्यंत आणलं. त्या नहर-ए-अंबरीला पंप नव्हता, इंधन नव्हतं. पुढे आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकात पाणचक्कीला पाणी देणारी नहर त्यांपैकीच एक. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ते पाणी उंच भिंतीवर चढवून खाली सोडलं जाई, त्याच्या जोरावर जातं फिरे आणि फकीर, मुसाफिर, सैनिक यांच्यासाठी पीठ दळलं जाई. तेच पाणी पुढे हौदात जाई. हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचं छत, म्हणून भर उन्हाळ्यातही ते दालन थंड. एकाच पाण्यानं दळण, गारवा आणि वुजू अशी तीन कामं व्हायची.

आता ही नहर जीडीपीच्या चष्म्यातून पाहा. उतारावरून फुकट वाहणाऱ्या पाण्याचा बाजारभाव शून्य, म्हणून त्याची भरही शून्य. नहर फुटली, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, झडपा बुजल्या, तरी आकडा घटत नाही. उलट वाढतोच. कारण मग बोअर घ्यावी लागते, टँकर मागवावा लागतो, वीस लिटरचा जार विकत घ्यावा लागतो, दूषित पाण्यानं पोट बिघडलं की डॉक्टरची फी आणि औषधं. यातला प्रत्येक रुपया ‘वाढ’ म्हणून जमा होतो. जे गेलं त्याची नोंद कुठेच नाही.

पैठणचं जायकवाडी धरण आपल्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर. १९७६ साली पूर्ण झालेल्या या नाथसागराची साठवण शंभर टीएमसीहून थोडी जास्त. तरीही शहरातल्या कित्येक वस्त्यांमध्ये नळाला पाणी येतं ते वर्षानुवर्षं काही दिवसांच्या अंतरानं. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, गाड्या वाढल्या, मॉल आले. पाण्याची पाळी ज्या दिवशी असते, त्या दिवशी घरातल्या बाईची झोप, पोरीचा क्लास, मजुराचा खाडा हे सगळं त्या पाळीभोवती फिरतं. बाईच्या जागरणाचाही हिशेब कोणत्याही ताळेबंदात नसतो. शहर श्रीमंत झालं की नाही याचं उत्तर आकडे देतील. जगणं सुधारलं की नाही, हे मात्र हंडा सांगतो.

दोन मित्रांचा हिशेब

हे माप बदलायला हवं, असं ठरवून कामाला लागलेल्यांत दोन मित्र होते. महबूब उल हक जम्मूत जन्मले, फाळणीनंतर पाकिस्तानचे झाले. अमर्त्य सेन शांतिनिकेतनात जन्मले. १९५३ मध्ये दोघं केंब्रिजला विद्यार्थी म्हणून भेटले आणि ही मैत्री सरहद्दीला पुरून उरली. हक १९६०च्या दशकात पाकिस्तानच्या नियोजन आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. देशाचा वाढीचा दर तेव्हा वाखाणला जात होता. पण १९६८ साली हक यांनीच जाहीरपणे सांगितलं, की देशातल्या उद्योगांचा दोनतृतीयांश हिस्सा अवघ्या २२ कुटुंबांच्या हाती आहे. ज्या वाढीच्या योजना त्यांनी आखल्या, तिचं फळ कुठे गेलं हे त्यांनीच मांडलं.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमात काम करताना १९९० साली त्यांनी पहिला मानव विकास अहवाल काढला. माणूस किती वर्षं जगतो, किती शिकतो आणि बरं जगण्यापुरतं कमावतो का, या तीन गोष्टींचा मिळून एक निर्देशांक. माणसाचं आयुष्य एका आकड्यात कसं बसेल, अशी सेन यांना आधी शंका होती. हक यांचं म्हणणं असं, की जीडीपीचा एकच ठसठशीत आकडा लोकांच्या डोक्यात बसला आहे; त्याला हटवायचं तर तितकाच ठसठशीत दुसरा आकडा हवा. सेन राजी झाले. १९९८च्या उन्हाळ्यात हक वारले आणि त्याच वर्षी सेन यांना नोबेल मिळालं.

आज या निर्देशांकात भारत कुठे आहे? एकूण उत्पादनात आपण जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांत. मानव विकासाच्या २०२५च्या अहवालात मात्र १९३ देशांत १३०वे. महाराष्ट्रानंही २००२ साली स्वतःचा मानव विकास अहवाल काढला. त्यात मुंबई वर आणि गडचिरोली तळाशी होती. सरासरी किती गोष्टी झाकून ठेवते, हे एका राज्याच्या नकाशातच दिसलं.

या मापालाही मर्यादा होती. माणूस शिकला, जगला, कमावला. पण त्यासाठी पृथ्वी किती ओरबाडली, हे त्यात येत नव्हतं. म्हणून २०२०च्या अहवालात ग्रहावरच्या ताणाची वजावट करून वेगळा हिशेब मांडला गेला. तेव्हा यादीत पहिला असलेला नॉर्वे पंधरा स्थानं खाली घसरला. तेल काढून श्रीमंत झालेल्यालाही शेवटी हिशेब चुकत नाही.

गरिबानं थांबायचं का?

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांनी ‘पुरे’ म्हणणं सोपं असतं. आमच्या गल्ल्यांमधली पदवीधर पोरं डिलिव्हरीच्या गाडीवर उन्हातान्हात फिरतात. त्यांना कारखाने हवेत, नोकऱ्या हव्यात. त्यांना साधेपणाचं प्रवचन देणं क्रूरपणाचं ठरेल. रोजा उपाशी माणसासाठी नाहीच. आजारी, प्रवासी, गरोदर बाई यांना त्यात सवलत आहे. हात आवरायला सांगितलंय ते ज्याच्या समोर ताट आहे त्याला. शाश्वत विकासाची वाटणीही अशीच हवी. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडे वाढ व्हावी, ज्याच्याकडे भरपूर आहे त्यानं थांबायला शिकावं.

इस्लामी अर्थव्यवहारात ही वाटणी नेमकी आकड्यात मांडलेली आहे. जकात कमाईवर नसते, ठरावीक मर्यादेपलीकडे वर्षभर साचून राहिलेल्या संपत्तीवर असते. दर अडीच टक्के. पडून राहिलेलं सोनं दरवर्षी थोडं थोडं झिजतं, म्हणजे पैसा फिरता राहतो. शेतमालावरच्या ‘उश्र’चा नियम तर आपल्या शेतकऱ्याला चटकन पटेल. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, पण खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावाच. पाणी द्यायला कष्ट आणि पैसा लागतो, हे चौदाशे वर्षांपूर्वीच्या नियमानं धरलं होतं. आणि वक्फ म्हणजे काय? मूळ मालमत्ता विकायची नाही, संपवायची नाही; तिचं उत्पन्न लोकांसाठी वापरायचं. झाड तोडायचं नाही, फळ वाटायचं. मदिनेत गोड्या पाण्याची ‘रूमा’ नावाची विहीर होती, तिचं पाणी विकलं जाई. पुढे खलिफा झालेल्या हजरत उस्मान यांनी ती विकत घेऊन सगळ्यांना खुली केली. पाण्याला बाजारातून काढून हक्कात आणण्याचं हे काम होतं.

जिथे हे घडलं

हे फक्त ग्रंथात राहिलेलं नाही, आणि ते करायला मुसलमानच असावं लागतं असंही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहा. पाऊस बेताचा, एके काळी गाव सोडून जाणाऱ्यांची रांग. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं गावानं स्वतःवर बंधनं घालून घेतली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणीपिऊ पिकं नकोत. दरवर्षी पावसाचा आणि विहिरींचा हिशेब करून पाण्याचं अंदाजपत्रक मांडायचं: आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग शेती. पाऊस कमी झाला तर पीक बदलायचं, पाणी उपसायचं नाही. दूध वाढलं, गेलेली कुटुंबं परत आली. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. या गावात मुसलमान कुटुंब एकच, पण त्याच्यासाठी गावानं मशीद बांधून दिली. माझ्या लेखी हाही विकासाचाच निर्देशांक आहे.

हिवरे बाजारच्या लोकांनी वेगळं काय केलं? बंधन आधी, वाढ नंतर. नवल म्हणजे बंधन पाळल्यावरच उत्पन्नही वाढलं.

या रमजानात करण्यासारखं

आता आपल्या दाराशी येऊ. हदीसमध्ये सांगितलं जातं, की प्रेषित एका ‘मुद’ पाण्यात वुजू करत. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, लिटरभरही नाही. वाहत्या नदीकाठी असलात तरी पाणी वाया घालवू नका, अशीही शिकवण आहे. आज मशिदीत वुजू करताना तोटी पूर्ण सोडली, तर त्याच्या कितीतरी पट पाणी गटारात जातं. या पाण्यात साबण नसतो. शास्त्राप्रमाणे ते पुन्हा वुजूला चालत नाही, पण झाडांना खुशाल चालतं. मशिदीच्या छताचं पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरवता येतं. कमी पाणी सोडणाऱ्या तोट्या कुठेही मिळतात. इफ्तारच्या दावतीनंतर उकिरड्यावर पडलेली थर्माकोलची ताटं आणि अर्धवट संपवलेली बिर्याणी हा सवाबचा ढीग नव्हे, इसराफचा आहे. ताटात तेवढंच घ्यावं जेवढं संपेल. घरचीच भांडी काढावीत.

जकात विहिरीला किंवा इमारतीला लावता येत नाही, ती गरजूच्या हातातच द्यावी लागते. मग ती अशी द्यावी की पुढच्या वर्षी त्याला मागावं लागू नये: शिलाई मशीन, हातगाडी, पोरीची फी. विहीर, झाड, छताचं पाणी यांच्यासाठी ‘सदका-ए-जारिया’ आहे, देणाऱ्याच्या पश्चातही पुण्य चालू ठेवणारं दान. कबरस्तानाच्या कडेला लावलेलं एक कडुनिंबाचं झाडही त्यात येतं.

आणि एक काम सगळ्यांचं, धर्म कोणताही असो. पुढच्या वेळी कुणी मतं मागायला दारात आलं आणि शहरात किती कोटींची गुंतवणूक आली हे सांगू लागलं, तर त्याचं ऐकून घ्यावं. मग विचारावं: नळाला पाणी किती दिवसांनी येईल? नहरींच्या राहिलेल्या झडपा कोण राखणार? पोरं शाळेत चालत जातील अशी सावली रस्त्यावर कधी होणार? सरकारी दवाखान्यात रांगेत किती वेळ उभं राहावं लागेल? या प्रश्नांची उत्तरं आकड्यातच देता येतात. ते आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत, एवढं जरी आपण मिळून मागितलं तरी शहराच्या विकासाचं माप बदलायला सुरुवात होईल.